गाडी थरथरते, पण गॅरेजला नेली की गुपचूप!

पावसाळा उघडून मालाच्या फेऱ्या सुरू झाल्या की या सदराकडं एकाच तक्रारीची पत्रं येतात, गाडी थरथरते, पण नेहमी नाही, आणि मेकॅनिकला दाखवायला नेली की अजिबात नाही. यावेळी म्हणून सगळे प्रश्न पिकअपवाल्यांचेच घेतलेत. एक विनंती आधीच करून ठेवतो, नुसतं "व्हायब्रेशन येतंय, काय बदलू" असं लिहू नका हो. किती स्पीडला येतं, गाडी भरलेली होती का मोकळी, कुठला गिअर, पाय अॅक्सिलरेटरवर होता का ब्रेकवर, थरथर स्टिअरिंगला लागते का सीटला का पायाखाली, एवढं लिहिलंत तर निम्मं निदान तुमच्याच पत्रात होऊन जातं. खालचं पहिलंच पत्र बघा.

प्रश्न : नमस्कार सर. माझी २०१९ ची पिकअप आहे, निफाडहून कांदा घेऊन वाशी मार्केटला जातो. जाताना भरलेली असते तेव्हा काही त्रास नाही. येताना शहापूरच्या आसपास ६५-७५ ला गाडी अशी काही थरथरते की पाय बधिर होतात, स्टिअरिंग मात्र शांत असतं. ८० ला गेली की कमी होते आणि अॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की जवळपास बंदच. पण दर खेपेला होत नाही. मागच्या खेपेला भिवंडीतून पेंडीच्या गोण्यांचं भाडं मिळालं होतं, तेव्हा घरापर्यंत काहीच झालं नाही, त्याच्या आधीच्या खेपेला मोकळी आणली तर नुसता वैताग. दोन टायर नवे टाकले, बॅलन्सिंग-अलाइनमेंट दोनदा केलं, इंजिनचं फाउंडेशन (ज्या रबरांवर इंजिन बसतं ती) बदललं. आता मेकॅनिक म्हणतोय गिअरबॉक्स उतरवून बघू. गाडीत बाकी काही बदल नाही, फक्त दिवाळीनंतर मागं दोन्ही बाजूला एकेक पाटा (सस्पेन्शनची लोखंडी पट्टी) वाढवलाय. गिअरबॉक्स खोलू का?

उत्तर : नका खोलू दादा. निदान इतक्यात तरी नका. पाट्याची गोष्ट तुम्ही जाता जाता शेवटच्या ओळीत लिहिलीय, ती खरं तर सगळ्यात आधी पाहिजे होती, आणि "दर खेपेला होत नाही" म्हणताय त्याचं उत्तरही तुम्हीच दिलंय, भाडं मिळालं त्या दिवशी नाही, मोकळी आली त्या दिवशी आहे. म्हणजे दुखणं लहरी नाहीये, ते वजनाला बांधलेलं आहे.

आधी एक हिशोब समजून घ्या, म्हणजे पुढं कुणी काहीही बदलायला सांगितलं तरी तुम्हाला दोन प्रश्न विचारता येतील. चालत्या गाडीत फिरणाऱ्या गोष्टी मुख्य तीन, चाकं, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या अॅक्सलकडं जाणारा लांब दांडा) आणि इंजिन, आणि तिघांचा फिरण्याचा वेग वेगवेगळा. तुमच्या गाडीच्या टायरचा घेर साधारण २.२ मीटर धरा. ७० च्या स्पीडला गाडी सेकंदाला १९ मीटरच्या वर जाते, म्हणजे चाक सेकंदाला जेमतेम ९ फेरे मारतं. मागच्या डिफरन्शियलचं (अॅक्सलच्या मधला गोळा, शाफ्टचं फिरणं चाकांना देणारा) प्रमाण साधारण ४ ला १ धरलं तर शाफ्ट त्याच वेळी सेकंदाला ३५ फेरे मारतो. त्यामुळं चाकाचा दोष असला की गाडी हलते, हादरे एकेक करून जाणवतात, स्टिअरिंग डावं-उजवं नाचतं. शाफ्टचा दोष असला की हादरे वेगळे कळत नाहीत, घूंऽऽ असा आवाज येतो, पत्रा गुणगुणतो, तळपायाला मुंग्या येतात, आरशात मागची गाडी अस्पष्ट दिसायला लागते. तुमचे पाय बधिर होतायत आणि स्टिअरिंग शांत आहे, मग पुढच्या टायरांवर पैसे घालून काय उपयोग होणार होता? (बॅलन्सिंगवाल्यालाही दोष देत नाही, त्याला जे सांगितलं ते त्यानं केलं.)

आता राहिलं शाफ्ट का इंजिन. त्याला सोपी परीक्षा आहे. सपाट, रिकामा रस्ता बघा, ज्या स्पीडला थरथर येते त्याच स्पीडला आधी पाचव्या गिअरमधे चालवा, मग स्पीड तोच ठेवून चौथ्यात. इंजिनचा आरपीएम बदलला पण थरथर तीच, तशीच राहिली, तर इंजिन, क्लच, फाउंडेशन हे सगळं बाजूला ठेवा, दोष गिअरबॉक्सच्या मागं आहे. थरथर गिअरबरोबर बदलली किंवा गेली तर मात्र इंजिनकडं बघायचं. याची उलट परीक्षा म्हणजे गाडी उभी करून न्यूट्रलमधे इंजिन त्याच आरपीएमला न्यायचं, तिथं थरथर आली तर चाक आणि शाफ्ट दोन्ही निर्दोष सुटले, कारण ते फिरतच नाहीयेत. काही लोक चालत्या गाडीत इंजिन बंद करून बघतात, तसलं काही करू नका, ब्रेकची व्हॅक्यूम मदत जाते, पॉवर स्टिअरिंग जड होतं, आणि घाटात तर हा विचारसुद्धा नको.

तुमचा निकाल माझ्या अंदाजानं शाफ्टवरच जाईल, कारण पाय उचलला की थरथर जाते असं लिहिलंय. पाट्यावरच्या गाडीत जोर दिला की मागचा अॅक्सल स्वतःभोवती किंचित वळतो, डिफरन्शियलचं नाक वर उचललं जातं, पाय काढला की परत खाली येतं. म्हणजे शाफ्ट आणि डिफरन्शियल यांच्यामधला कोन तुमच्या पायाबरोबर बदलत असतो. आणि पाटा वाढवल्यावर मोकळ्या गाडीची मागची बाजू उंच बसते, तेव्हा हा कोन आधीच वाढलेला असतो. कांदा भरला की पाटे दबतात, बॉडी खाली येते, कोन कमी होतो, थरथर गायब. पेंडीच्या गोण्यांनीही तेच केलं.

कोनानं एवढं काय बिघडतं, तर शाफ्टच्या टोकाला सांध्यात अधिकच्या खुणेसारखा जो क्रॉस असतो तो कोनात फिरताना एकसारखा फिरत नाही. एका फेऱ्यात दोनदा पुढं पळतो, दोनदा मागं रेंगाळतो. ही कमी-जास्त दुसऱ्या टोकाचा क्रॉस उलट बाजूनं भरून काढतो, पण त्यासाठी दोन अटी आहेत, दोन्हीकडचे कोन जवळपास सारखे पाहिजेत आणि शाफ्टचे दोन्ही योक (क्रॉसला धरणारी दुबेळकी टोकं) एका रेषेत पाहिजेत. कोन जितका मोठा तितका हा झटका मोठा. लांब गाडीत शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो आणि मधे रबरात बसवलेलं सेंटर बेअरिंग असतं, सगळा मार तिथं जातो. ते रबर फाटलं की शाफ्टचा मधला भाग दोरीवरच्या उड्यांच्या दोरीसारखा फुगत फिरतो.

आता गाडीखाली काय बघायचं ते सांगतो. गाडी सपाट जागेवर, चाकांना पुढंमागं दगड, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, इंजिन बंद, चावी खिशात. शाफ्टला एका हातानं आणि पुढच्या फ्लँजला (शाफ्ट ज्या चकतीला बोल्टनं जोडलेला असतो ती) दुसऱ्या हातानं धरून उलटसुलट पीळ द्या, क्रॉसमधे जराही खटखट लागली तर तो गेला. क्रॉसच्या चार टोकांवर कप असतात, त्यांच्याभोवती लालसर भुकटी दिसली तर आतल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या पडून गंजल्यात, तो अजून खेळत नसला तरी बदला. रिव्हर्स टाकताना खट्ट आवाज आणि सकाळी हळू चालवताना चिवचिव हे त्याचंच पहिलं लक्षण. ग्रीस मारताना चारही कपांतून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारायचं, दोन कपांतून आलं आणि दोनांतून नाही तर त्या दोनांत सुया उपाशीच राहिल्या. सेंटर बेअरिंगजवळ शाफ्ट हातानं वर-खाली उचलून बघा, रबराला तडे आहेत का टॉर्च मारून बघा. शाफ्टच्या नळीवर छोट्या चौकोनी पट्ट्या वेल्डिंग केलेल्या असतात, ते बॅलन्सचं वजन, त्यातली एखादी पडली असेल तर तिथं वेल्डिंगचा डाग तेवढा राहतो.

कोन मोजायला महागडं यंत्र लागत नाही, मोबाइलमधलं लेव्हलचं अॅप चालतं. फोन आधी शाफ्टच्या नळीवर, मग डिफरन्शियलच्या फ्लँजच्या सपाट भागावर, मग सेंटर बेअरिंगच्या पुढच्या तुकड्यावर ठेवून आकडे लिहून घ्या, एकमेकांना जोडलेल्या दोन भागांच्या आकड्यांतला फरक म्हणजे त्यांच्यामधल्या क्रॉसचा कोन. हा कोन ३ अंशांच्या आत राहिला तर उत्तम, आणि जोडीतल्या दोन क्रॉसच्या कोनांत १ अंशापेक्षा जास्त फरक नको. अगदी शून्यही नको, सुया हलल्याच नाहीत तर एकाच जागी खड्डे पाडतात. पण हे सगळं मोजायचं चाकं जमिनीवर असताना. लिफ्टवर चेसिसला धरून उचललेल्या गाडीचा अॅक्सल खाली लोंबतो, तिथं घेतलेला आकडा कागदावर लिहायच्याही लायकीचा नाही, आणि नेमकं तिथंच मोजून "सगळं ओके आहे" सांगणारे भेटतात.

अजून एक विचारून घ्या, पाटा टाकताना किंवा त्याआधी कधी शाफ्ट खाली उतरवला होता का. शाफ्ट काढताना फ्लँजवर आणि स्लाइडिंगच्या दात्यांवर पंचनं किंवा रंगानं खूण करायची असते, न करता परत बसवला आणि एक दाता जरी इकडचा तिकडं झाला तरी योक रेषेत राहत नाहीत आणि नवा क्रॉस टाकूनसुद्धा गाडी थरथरत राहते. बऱ्याच शाफ्टवर कंपनीचे बाण असतात, ते समोरासमोर आहेत का एवढं बघायला पाच मिनिटं लागतात, पाना पण लागत नाही.

पैसे घालायच्या आधी एक फुकटची परीक्षा. मोकळ्या गाडीत मागं पाच-सहाशे किलो वजन टाका, वाळूच्या गोण्या टाका, कांदा टाका, काहीही, आणि त्याच रस्त्यानं त्याच स्पीडला जा. थरथर गेली तर शंकाच उरली नाही. मग उपाय तीन. वाढवलेला पाटा काढून टाकणं, हा सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते बरोबर. नाहीतर अॅक्सल आणि पाट्याच्यामधे योग्य मापाची पाचर घालून डिफरन्शियलचं नाक वळवणं, किंवा सेंटर बेअरिंगचा ब्रॅकेट पॅकिंग टाकून खाली घेणं, हे दोन्ही जाणत्या पाटेवाल्याकडूनच, अंदाजानं नाही. अॅक्सल पाट्याला बांधणारे यू-बोल्ट एकदा खोलले की नवेच टाका, आणि भरलेल्या गाडीची एक-दोन खेपा झाल्या की परत आवळून घ्या, सैल यू-बोल्टवर अॅक्सल सरकतो आणि मधला सेंटर बोल्ट तुटतो.

आणि स्पष्टच बोलतो, राग मानू नका. पाटा वाढवल्यानं आरसी बुकावरचं पासिंग (मंजूर वजन) वाढत नाही. पाटे दबायचे थांबतात म्हणून गाडीला वजन झेपतंय असं वाटतं, पण ब्रेक तेच, हब बेअरिंग तीच, टायरचा लोड तोच. कसारा घाट उतरताना ते कळतं.

प्रश्न : मी वाईजवळ राहते, आमची स्ट्रॉबेरी आणि भाजीची गाडी मी स्वतः चालवते. महाबळेश्वरहून पसरणी घाट उतरताना अर्ध्या वाटेनंतर ब्रेक दाबला की स्टिअरिंग थडथड करतं आणि पेडल पायाखाली नाचतं. खाली वाईत येऊन चहा घेईपर्यंत सगळं व्यवस्थित. गॅरेजवाला म्हणतो ताई तुम्हाला भास होतो.

उत्तर : भास नाही ताई, ब्रेक तापलेत. ब्रेक दाबला तरच होतं आणि तापल्यावरच होतं, याहून स्वच्छ लक्षण नसतं. स्टिअरिंग थडथडतंय म्हणजे आधी पुढच्या डिस्क बघायच्या. डिस्कची जाडी सगळीकडं सारखी राहिली नाही किंवा ती फिरताना डावी-उजवी डुलायला लागली की पॅड तिला कधी घट्ट कधी सैल धरतात आणि ते पेडलला कळतं. डुलणं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढं असलं तरी पुरतं, म्हणून नुसतं डोळ्यानं बघून "डिस्क चांगलीये" म्हणणाऱ्यावर जाऊ नका, डायल गेज (हे डुलणं मोजायचं यंत्र) लावायला सांगा. मागच्या ड्रमची शंका काढायची असेल तर सपाट मोकळ्या रस्त्यावर २०-२५ च्या स्पीडला हँडब्रेकचं बटण दाबून धरूनच हळूच ओढा, गाडी तशीच थडथडली तर ड्रम अंडाकृती झालाय. मागं कुणी नाही ना हे बघून, आणि घाटात तर मुळीच नाही.

डिस्क बिघडायची कारणं मात्र शोधा, नाहीतर नवी टाकाल ती पण पावसाळ्यापर्यंत तशीच होईल. एक, कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना गंजून अडकतात आणि पॅड सुटतच नाहीत. सपाट रस्त्यावर दहा-बारा किलोमीटर फारसा ब्रेक न मारता चालवा, थांबा, चारही रिमच्या जवळ हात न्या (लावू नका, भाजेल). एकच चाक तापलेलं असेल तर तिथं ब्रेक चिकटतोय. दुसरं, पंक्चरवाला हवेच्या गननं नट एका बाजूनं गरागरा आवळत जातो, त्यानं डिस्क तिरपी धरली जाते. नट समोरासमोरचे, थोडे थोडे, शेवटी हातपान्यानं. तिसरं, घाट उतरल्यावर वाफा निघणाऱ्या चाकांवर पाण्याची बादली ओतणारे महाभाग आपल्याकडं अजून आहेत, क्लीनर पोरगं असेल तर त्याला आधी सांगून ठेवा.

आणि उतरताना गिअर. ज्या गिअरमधे घाट चढलात त्याच्या आसपासच्याच गिअरमधे उतरा, गाडी इंजिनवर धरली तर ब्रेकला काम कमी राहतं. ब्रेकवर पाय ठेवून बसण्यापेक्षा स्पीड वाढला की नीट दाबून कमी करा आणि सोडा. पेडल कधी मऊ पडून खाली जायला लागलं तर मात्र थरथरीचा विचार सोडून गाडी बाजूला घ्या, तो ब्रेक फेलचा इशारा असतो.

प्रश्न : परभणी. शेतातून कापूस आणायला गाडी घातली, दुसऱ्या दिवसापासून ५० च्या पुढं पूर्ण गाडी हलते. आठवड्यानं आपोआप बरी झाली. पुन्हा पाऊस, पुन्हा तेच. काय भानगड?

उत्तर : काळी माती. रिमच्या आतल्या बाजूला चिखल बसतो, वाळून दगड होतो, बाहेरून गाडी धुतली तरी तो तसाच राहतो, आणि बॅलन्सिंगचं तोळ्यातोळ्याचं वजन जिथं लागतं तिथं अर्धा-पाऊण किलो माती एका बाजूला चिकटली की चाक हलणारच. खड्ड्यात आपटून ढेकूळ गळून पडलं की गाडी "आपोआप बरी". आतून पाण्याचा जोर मारा, पेचकस घेऊन खरवडा. तेव्हाच वाकून प्रोपेलर शाफ्टकडं पण एक नजर टाका, सुतळी, ठिबकची नळी, कुंपणाची तार, शाफ्टला काय काय गुंडाळलेलं निघतं विचारू नका. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलच्या सीलपाशी गेलेली सुतळी सील कापते आणि मग ऑइल गळतं.

प्रश्न : नारायणगाव. रात्री टोमॅटो भरून गाडी उभी असते, पहाटे निघालो की पहिले पाच-सात किलोमीटर मागून धबधब असा हादरा बसतो, मग नाहीसा होतो. टायर बदलायला झालेत का?

उत्तर : बहुतेक नाही. भरलेली गाडी रात्रभर एका जागी उभी राहिली, त्यात थंडी, की टायर जमिनीला टेकलेल्या जागी चपटा बसतो. चालून गरम झाला की गोल होतो. हवा कमी असेल तर जास्त होतं, तेव्हा भरायच्या आधी थंड टायरला, भरलेल्या वजनासाठी दिलेल्या आकड्याएवढी हवा आहे का बघा, तो आकडा दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तकात असतो.

पण याच लक्षणाचा एक वाईट भाऊ आहे, त्याच्यासाठी हे पत्र छापतोय. टायरच्या आतला तारांचा पट्टा रबरापासून सुटायला लागला की पण असाच धबधबा होतो. फरक असा की तो गरम झाल्यावर जात नाही, उलट दिवसेंदिवस वाढतो, आणि २०-३० च्या स्पीडलासुद्धा गाडीचं ढुंगण डावं-उजवं हलतं. गाडी जॅकवर घ्या, खाली घोडी (स्टँड) लावा, नुसत्या जॅकवर भरवसा नको. चाक हळू फिरवा, टायरच्या जवळ खडू स्थिर धरा, एखाद्या जागी खडू घासला आणि बाकी ठिकाणी नाही तर तिथं फुगवटा आहे. तळव्यानं टायरच्या पाठीवरून हात फिरवलात तरी लागतो. असा टायर निघाला तर घरी जाईपर्यंत चालवू असं म्हणू नका, तिथंच स्टेपनी टाका, हायवेला तो फुटतो तेव्हा आख्खी साल निघते आणि वायरिंग, मडगार्ड सगळं घेऊन जाते. रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेले) टायर असतील तर हे दर आठवड्याला तपासा. टायरचं वय बघायचं तर बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. सेकंडहँड घेताना नक्षी खोल दिसते म्हणून फसू नका, आधी हे चार आकडे वाचा.

प्रश्न : वैजापूर. नवी गाडी, समृद्धीवर चढलो की ठक-ठक-ठक एका तालात हादरे, खाली जुन्या डांबरी रस्त्याला काही नाही. शोरूमवाले ऐकत नाहीत.

उत्तर : यावेळी शोरूमवाल्यांची बाजू घेतो. सिमेंटच्या रस्त्याला ठरावीक अंतरावर आडवे सांधे कापलेले असतात, साधारण साडेचार मीटरवर. ८० च्या स्पीडला सेकंदाला पाच सांधे चाकाखालून जातात, मोकळ्या पिकअपचे कडक पाटे प्रत्येक सांधा तुमच्या पाठीला पोचवतात. वेग कमी केलात की ताल संथ होईल, आणि डांबरी तुकडा आला की एकदम थांबेल. खरा दोष असता तर तो डांबरावर पण राहिला असता. हवा शोरूमनं जास्त भरून दिलेली असू शकते, नव्या गाड्यांत ते होतं, तेवढी तपासा.

प्रश्न : रत्नागिरी. मासळीची गाडी, सिग्नलला उभी असली की डॅशबोर्ड खडखडतो, एसी लावला की जास्त, चालायला लागली की बंद. आणि चढाला पहिल्या गिअरमधे सुटताना गाडी गदगदा हलते. दोन्ही एकच दुखणं का?

उत्तर : दोन असावीत, पण एकाचं कारण दुसऱ्याला मदत करतं. उभ्या गाडीत खडखड म्हणजे इंजिनकडूनच येणार. आयडलचा आरपीएम खाली आलाय का बघा, एसीचा कॉम्प्रेसर लागल्यावर इंजिन दबतं, तिथं फाउंडेशनची रबरं बसलेली असली की धक्का सरळ बॉडीत जातो. रबर दबून लोखंडाला लोखंड टेकलंय का ते बॉनेट उघडून दिसतं. डिझेल फिल्टर कधी बदलला, त्यातलं पाणी कधी काढलं हेही आठवा, एखादा इंजेक्टर नीट मारत नसेल तरी इंजिन आयडलला लंगडतं.

सुटताना गदगदा हे क्लचचं. मागचं ऑइल सील गळून क्लच प्लेटवर ऑइल आलं, किंवा अर्ध्या क्लचवर गाडी चढाला धरून ठेवायच्या सवयीनं प्लेट आणि फ्लायव्हील जळून काळंनिळं झालं की क्लच एका दमात पकडत नाही, पकडतो-सोडतो-पकडतो. चढावर थांबलात तर हँडब्रेकवर थांबा, क्लचवर नको. क्लच खोलायची वेळ आलीच तर नुसती प्लेट टाकून बंद करू नका, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलचा पृष्ठभाग आणि ते सील सगळं एकदाच बघून घ्या, मजुरी दोनदा कशाला द्यायची. फाउंडेशन मात्र आधी बदला, सैल फाउंडेशनवर इंजिनच मागंपुढं डोलतं आणि चांगला क्लचसुद्धा गदगदा वाटतो. त्यानं गेलं तर क्लचचा खर्च वाचला.

प्रश्न : नगर. सर, भरलेली गाडी ७० च्या आसपास थरथरते, पण गॅरेजमधे नेली की थरथरतच नाही. मेकॅनिकला दाखवायचं कसं?

उत्तर : गॅरेजच्या गल्लीत ७० चा स्पीड येणार कुठून, आणि तुम्ही जाता मोकळी गाडी घेऊन, थरथरते भरलेली असताना. ज्या अवस्थेत होतं त्याच अवस्थेत न्या. एक छोटी वही गाडीत ठेवा, थरथर आली की थांबल्यावर स्पीड, गिअर, वजन, चढ का उतार, निघून किती वेळ झाला एवढंच लिहायचं. चालवताना लिहू नका, शेजारच्याला सांगा. शेजारचा असेलच तर मोबाइलवर व्हायब्रेशन मोजायची फुकट अॅप मिळतात, फोन सीटच्या लोखंडी पट्टीवर घट्ट दाबून धरायचा, सेकंदाला किती हादरे ते दिसतं. ७० ला ९-१० च्या आसपास आकडा आला तर चाक, ३५ च्या किंवा त्याच्या दुप्पट ७० च्या आसपास आला तर शाफ्ट. इथं एक मेख आहे, बहुतेक पिकअपला चौथा गिअर सरळ असतो, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगानं फिरतात, तेव्हा चौथ्यात घेतलेल्या आकड्यावरून इंजिन का शाफ्ट हे ठरत नाही. पाचव्यात पण एकदा घ्या.

त्यानंतर मेकॅनिकला चावी द्या, त्याला चालवू द्या, तुम्ही शेजारी बसा, आणि फेरी गॅरेजपासून हायवेपर्यंत आणि परत अशी ठरवा. या फेरीचे वेगळे पैसे मागितले तर द्या.